अंडी मोजलीत, आता तिचं वजन मोजा

घरातल्या इग्वानाने अंडी घातली की रील होते, स्टेटस होतं, कौतुक होतं. डॉक्टरकडची फेरी मात्र राहून जाते. का?

इन्स्टावर ती रील तुम्हीही पाहिली असेल. मातीच्या टबात हिरवीगार, लांब शेपटीची इग्वाना बसलीये. शेजारी पांढऱ्या अंड्यांची रास, मागे कुठलंतरी ट्रेंडिंग गाणं. खाली कमेंटमध्ये ‘भावा, एक पिल्लू मला ठेव’पासून ‘आम्लेट कर’पर्यंत सगळं. लाइक्सचा पाऊस पडतो आणि दोन दिवसांनी त्याच अकाउंटवर वेगळंच काहीतरी सुरू होतं. त्या इग्वानाचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

मला नेमकं तेच विचारायचंय. अंडी घालून झाल्यावर तिला डॉक्टरकडे नेलं का?

प्रश्न ऐकून हसू येईल. सरड्याला कसला आलाय डॉक्टर! पण जरा आपल्याच घरात डोकावून बघा. घरात कुणी बाळंत झालं की सव्वा महिना तिला जपतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, मालिश करायला येणाऱ्या मावशी. वर दवाखान्यातली तपासणी असतेच. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?’ हा प्रश्न आपण जोडीनंच विचारतो, नुसतं बाळाबद्दल विचारून थांबत नाही. इग्वानाच्या बाबतीत मात्र आपण फक्त अंडी मोजतो. बाळंतीण राहते बाजूला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाळलेल्या इग्वानाने अंडी घातली की पुढच्या काही दिवसांत तिची तपासणी झालीच पाहिजे. ‘ठीक दिसतेय की’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. आणि एवढं करणं ज्याला जमणार नाही, त्याने इग्वाना घरी आणू नये. वाक्य कडू आहे, पण त्यामागची कारणं ऐकून घ्या.

नर नाही, तरी अंडी?

कामोठ्यासारख्या भागात इग्वाना पाळावीशी का वाटते, हे कळण्यासारखं आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातही भाड्याचा. कुत्रा आणला तर सोसायटीत कटकट, मांजर आणली तर शेजारच्यांची कुरकुर. इग्वाना भुंकत नाही, तिला फिरायला न्यावं लागत नाही आणि ती शाकाहारी आहे. आई-बाबांना पटवायला एवढे मुद्दे पुरतात. आणतो तेव्हा ती वीतभर असते. दिसायला भारी, हातावर बसते, फोटोही झकास येतात.

मग दोन-तीन वर्षं जातात. वीतभर पिल्लू शेपटीसकट चार-पाच फुटांचं होतं. एक दिवस ती खाणं कमी करते, सतत येरझाऱ्या घालते, कोपरे उकरायला लागते. घरचे गोंधळतात. ‘एकटीच तर आहे, हिला काय होणार?’

इथंच पहिला गैरसमज असतो. मादी इग्वानाला अंडी घालायला नराची गरज लागत नाही. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच वयात आलेली इग्वानाही साधारण वर्षातून एकदा अंडी घालू शकते. ती फळत नाहीत, त्यातून पिल्लं येत नाहीत, पण तिच्या शरीराला कष्ट तेवढेच पडतात. आणि अंडी दोन-चार नसतात. एका वेळी वीस, तीस, चाळीस, मोठी मादी असेल तर त्याहूनही जास्त. विकत घेताना ‘ही मादी आहे आणि दरवर्षी हे होऊ शकतं’ असं कुणी सांगितलेलं नसतं. लहान पिल्लात नर-मादी ओळखणंही कठीण. त्यामुळे अनेकांना हे कळतं ते थेट अंडी पडल्यावर. नाहीतर अंडी अडकल्यावर.

‘ठीक दिसतेय’ हा दगा आहे

अंड्यांची एवढी रास बनवायला लागणारं कॅल्शियम, चरबी, पाणी येतं कुठून? तिच्याच अंगातून. रोजच्या खाण्यातून कॅल्शियम पुरेसं मिळालं नसेल, तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. त्यात अंडी घालण्याआधीचे काही आठवडे ती धड खात नाही, कारण पोट अंड्यांनीच भरलेलं असतं. म्हणजे खर्च दुप्पट आणि आवक शून्य. अंडी घालून झाल्यावर ती एकदम बारीक दिसते, कातडी लोंबते, शेपटीचा बुंधा बसतो. यातलं थोडंफार स्वाभाविक आहे. किती स्वाभाविक आणि किती धोक्याचं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट, सरपटणारे प्राणी आजार लपवतात. जंगलात जो अशक्त दिसतो तो शिकार होतो. त्यामुळे शेवटपर्यंत ‘मी ठीक आहे’ असं दाखवणं त्यांच्या अंगातच असतं. कुत्रा कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते. इग्वाना फांदीवर बसलेली असते तशीच बसून राहते. ती आजारी आहे हे तुम्हाला कळेपर्यंत बऱ्याचदा आजार खूप पुढे गेलेला असतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वीस अंडी पडली म्हणजे सगळी पडली, असं नाही. काही आत राहू शकतात. अंडी अडकणं हा पाळलेल्या इग्वानांमधला नेहमीचा आणि जीवघेणा आजार आहे. अंडी घालायला योग्य जागा नाही, ऊब कमी, अंगात पाणी कमी, कॅल्शियम कमी, नाहीतर हालचाल न करता आलेला लठ्ठपणा, यातलं काहीही त्याला कारण ठरतं. आत राहिलेल्या अंड्यांमुळे संसर्ग होतो, अंडं फुटलं तर पोटात विष पसरतं. आणि बाहेर? बाहेर आपण पडलेली अंडी मोजून खूश असतो.

डॉक्टर नेमकं बघतात काय?

‘नेऊन काय होणार, टॉनिकची बाटली देतील’ असं वाटत असेल तर थांबा. अंडी घातल्यानंतरची तपासणी तशी साधी असते, पण तिच्यात बरंच काही कळतं.

आधी वजन. आधीची नोंद असेल तर किती घटलं हे लगेच समजतं. मग डोळे खोल गेलेत का, तोंड आतून कोरडं पडलंय का, कातडी चिमटीत धरली तर पटकन जागेवर येते का, यावरून अंगातलं पाणी तपासतात. पोट हलक्या हाताने चाचपून आत काही राहिलंय का ते बघतात. त्याने भागलं नाही तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी. अंडी आत आहेत की नाहीत याचा निकाल तिथं लागतो. एक्स-रेमध्ये हाडांची अवस्थाही दिसते. रक्त तपासलं तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण, मूत्रपिंडाचं काम कळतं. जबडा मऊ पडलाय का, पायांना थरथर आहे का, अंडी बाहेर येण्याच्या जागी सूज किंवा जखम आहे का, हेही बघितलं जातं. विष्ठा तपासून जंत आहेत का ते समजतं.

यातून पुढच्या वर्षाचाही विचार होतो. दरवर्षी तिला त्रास होत असेल तर अंडाशय काढून टाकायची शस्त्रक्रिया हा एक पर्याय असतो. ती तब्येत चांगली असताना ठरवून केलेली बरी. अंडी अडकून ती अर्धमेली झाल्यावर घाईघाईत करण्यात धोका जास्त. हा निर्णय डॉक्टरांशी बसून घ्यायचा असतो आणि त्यासाठी आधी डॉक्टरांचं तोंड बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. यूट्यूबवर बघून पोट दाबून अंडी काढायला जाऊ नका. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने कुटून देऊ नका. इंजेक्शनचा तर विचारही नको.

‘जंगलात कुठं डॉक्टर असतो?’

हा प्रश्न हमखास येतो. वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

इग्वानाचं जंगल आहे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. तिथं तिला दिवसभर ऊन मिळतं, हवी तशी माती उकरायला मिळते, निवडून पाला खाता येतो, चढायला झाडं असतात. कामोठ्यातल्या हॉलच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात यातलं आपोआप काहीच मिळत नाही. ते आपणच द्यायचं असतं. खिडकीतून येणारं ऊन पुरतं, असं अनेकांना वाटतं. पुरत नाही. शरीरात कॅल्शियम मुरवायला जे अतिनील किरण लागतात, ते खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. त्यासाठी खास यूव्हीबी दिवा लागतो, किंवा बाल्कनीत, सावलीची सोय ठेवून आणि स्वतः शेजारी बसून, थेट ऊन द्यावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, त्यात वीज जाते, दिवे बंद पडतात, पिंजऱ्यातली ऊब जाते. ऊब नसेल तर तिला खाल्लेलं पचतही नाही.

खाण्याचंही तसंच. पालक स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून रोज पालकच घातला जातो. पण पालकातले घटक कॅल्शियम बांधून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा असा बदल ठेवला तर बरं. शेवगा आणि जास्वंद आपल्याकडे कुठेही मिळतात, फवारणी झालेली नाही एवढी खात्री करून घ्या.

आणि जंगलात डॉक्टर नसतो हे खरं, पण जंगलात कित्येक माद्या मरतातही. त्यांना आपण पैसे देऊन घरी आणलेलं नसतं. पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येत नाही.

कामोठ्यात डॉक्टर शोधायचा कसा?

ही खरी अडचण आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. कामोठे, खारघर, पनवेल पट्ट्यात पेट क्लिनिकच्या पाट्या दिसतात, पण बहुतेकांचं काम कुत्र्या-मांजरांचं. इग्वाना बघितलेला डॉक्टर शोधावा लागतो. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण मानसरोवर स्टेशनवरून हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून परळ, हा प्रवास आपल्याला जड जातो, तर नुकत्याच अंडी घातलेल्या प्राण्याचं काय होत असेल?

म्हणून शोधाशोध अंडी पडल्यावर करायची नसते. आज, आत्ता, ती ठणठणीत असताना करायची असते. जवळच्या तीन-चार क्लिनिकना फोन करा आणि न लाजता विचारा : तुम्ही इग्वाना बघता का? याआधी बघितल्यात का? एक्स-रे तुमच्याकडेच होतो का? शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुठे पाठवाल? ज्या डॉक्टरला जमत नाही तो तसं सांगेल आणि बऱ्याचदा दुसऱ्याचं नावही देईल. ते नाव आणि नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. रात्री अकरा वाजता गूगल करत बसण्यापेक्षा हे बरं.

प्रवासाचा ताण होतो म्हणून नेऊच नये, असंही काही जण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अंडी घालणं सुरू असताना तिला हलवायचं नाही, हे बरोबर. सगळं उरकून ती सावध असेल, पाणी पीत असेल, थोडंफार खायला लागली असेल, तर तिला दिवसभर विश्रांती द्या, डॉक्टरांशी फोनवर बोला, फोटो पाठवा आणि वेळ घेऊन जा. पण काही अंडी घालून ती मध्येच थांबली, एक-दोन दिवस उलटले तरी पोट फुगलेलंच आहे, कुंथतेय पण काही होत नाही, मान टाकलीये, पाय थरथरतायत किंवा ओढत चालतेय, तर मात्र वाट बघू नका. अशा वेळी प्रवासापेक्षा उशीर जास्त महाग पडतो. नेताना हवा जाईल अशा खोक्यात टॉवेल अंथरा, वरून झाका आणि लोकलच्या गर्दीत घुसण्यापेक्षा रिक्षा किंवा कॅब करा.

पैशांचंही बोलू. एक्स-रे, रक्ततपासणी, येण्याजाण्याचं भाडं, सगळं मिळून कॉलेजच्या पोराच्या खिशाला चटका बसतोच. उत्तर एकच : दर महिन्याला थोडे पैसे तिच्या नावानं बाजूला काढायचे. नव्या केससाठी, नव्या शूजसाठी आपण काढतोच की. तेही जमणार नसेल तर मग प्राणी आणायचा निर्णयच पुढे ढकला.

कागदांची भीती आणि पिल्लांचा मोह

डॉक्टरकडे न जाण्याचं अजून एक कारण असतं, जे कुणी मोठ्यानं बोलत नाही. ‘कागद मागितले तर?’ बऱ्याच इग्वाना कुठल्याशा पेट शॉपमधून, कुणा मित्राच्या मित्राकडून, बिल-पावतीशिवाय घरात आलेल्या असतात. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत विदेशी सरपटणारे प्राणी सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या बॅगांतून सुटलेला एखादा जीव उद्या कुणाच्या तरी हॉलमध्ये पोहोचतो.

तर नियम समजून घ्या. इग्वाना हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. असा प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली, तरी कळवावं लागतं. तुमची नोंद झालेली नसेल तर वन विभागाकडे जाऊन रीतसर विचारा. पण कागद नाहीत म्हणून आजारी प्राणी घरात कोंडून मरू देणं, हा कायद्यावरचा उपाय नव्हे. कागदांची चूक माणसाची असते, शिक्षा तिला कशाला?

शेजारचे काका ‘घोरपड पाळलीये’ म्हणून आरडाओरडा करतील तर त्यांनाही समजावा. घोरपड आपली, इथली. तानाजी मालुसऱ्यांच्या कोंढाण्याच्या दंतकथेतली. ती पहिल्या अनुसूचीत आहे, तिला घरात ठेवणं हा गुन्हाच. इग्वाना वेगळी.

आता मोहाचा मुद्दा. नर-मादी एकत्र असतील तर अंडी फळलेली असू शकतात. मग ‘पिल्लं काढू, विकू, पैसे होतील’ हा विचार डोक्यात येतो. चाळीस पिल्लं म्हणजे पंधरा-वीस वर्षं जगू शकणारे चाळीस जीव, प्रत्येकाला पुढे खोलीएवढी जागा लागणार. ती घेणारे किती आणि दोन वर्षांनी कंटाळणारे किती? कंटाळलेली माणसं ती खारघरच्या डोंगरात, कर्नाळ्याच्या बाजूला सोडून देतात, ‘मुक्त केलं’ म्हणून. अमेरिकेच्या फ्लोरिडात आणि तैवानमध्ये अशाच सुटलेल्या-सोडलेल्या इग्वाना बेसुमार वाढल्या आणि आता तिथली सरकारं त्या कमी करायच्या मागे लागलीयेत. आपल्याकडची हवा उबदार, दमट. तेव्हा अंडी कुंडीत पुरून ‘बघू काय होतंय’ हा प्रयोगही नको. अंड्यांचं काय करायचं, हे त्याच तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा.

एवढं तरी करा

ज्यांच्या घरी मादी इग्वाना आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

दर महिन्याला वजन करा आणि तारीख घालून लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा नको, वेगळा घ्या.

वयात आल्यावर अंडी घालायला मोठा, झाकलेला टब तयार ठेवा. त्यात ओलसर माती-वाळू निदान फूटभर खोल असू द्या आणि आत तिला वळता आलं पाहिजे. जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते.

अंडी घातली ती तारीख, किती अंडी, किती वेळ लागला हे लिहा. डॉक्टरांना हे लागतं.

झाल्यावर कोमट, उथळ पाण्यात बसवा, प्यायला पाणी द्या, ऊब आणि यूव्हीबी नीट आहे का बघा, आवडीचा पाला समोर ठेवा.

तिला किंवा अंड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर जास्त काळजी घ्या आणि तिचा टब भांड्यांच्या सिंकमध्ये धुऊ नका.

आणि तपासणीची वेळ घ्या. ती छान दिसत असली तरी.

रील टाकायला माझी ना नाही, कौतुक जरूर करा. फक्त पुढच्या वेळी मित्राने अंड्यांचा फोटो पाठवला की हार्टचा इमोजी टाकायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा, ‘ती कशी आहे? डॉक्टरला दाखवलंस का?’ चार जणांनी विचारलं तर पाचवा आपणहून घेऊन जाईल. तिला बोलता येत नाही, त्यामुळे तिच्या वतीनं हे कुणीतरी विचारायला हवं.